उत्तर फ्रान्समधली जुनी गावं, पायी पायी

सायली_लील

नमस्कार मंडळी,

फ्रान्सवर इथे धाग्यांची कमी नाही, पण बहुतेकांची गाडी पॅरिस, लुआरकाठचे महाल आणि दक्षिणेचा समुद्र याच रुळांवरून जाते. पॅरिसच्या वर, थेट बेल्जियमच्या सीमेपर्यंतचा जो पट्टा आहे तो लोक ब्रसेल्सला किंवा लंडनला जाताना खिडकीतून बघतात. बीट, बटाटे, गहू, नजर पोचेल तिथवर सपाट शेतं आणि मध्येच एखादा टोकदार मनोरा. नोकरीनिमित्त मी लीलला राहते. त्या मनोऱ्यांपाशी उतरून गावं पायी फिरायची मला आता चांगलीच गोडी लागली आहे. ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी भर घालावी, ज्यांना जायचंय त्यांनी बिनधास्त विचारावं.

सुरुवात मोंत्रय-स्युर-मेर या माझ्या सगळ्यात लाडक्या गावापासून. टेकडीवर वसलेलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. नावात समुद्र आहे, पण समुद्र आता पंधराएक किलोमीटर लांब गेलाय. दहाव्या शतकात हे फ्रान्सच्या राजांच्या हातातलं एकमेव बंदर होतं. काँश नदी गाळानं भरत गेली, जहाजं यायची थांबली आणि गाव तटबंदीच्या आत तसंच राहिलं. त्या तटावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते, साधारण तीन किलोमीटरची. एका अंगाला लोकांच्या परसबागा, वाळत घातलेले कपडे, कोंबड्या; दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि नदीचं हिरवंगार खोरं. तिकीट नाही, रांग नाही. काही ठिकाणी कठडाही नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका.

तट उतरलात की ‘र्‍यु द्यु क्लाप-आँ-बा’ नावाची उताराची गल्ली शोधा. खडबडीत फरसबंदी, दोन्ही बाजूंना बुटकी पांढरी घरं, आणि कौलांवर इतकं शेवाळ की मूळचा लाल रंग ठिपक्याठिपक्यांनीच दिसतो. व्हिक्टर ह्यूगो १८३७ मध्ये या गावातून गेला होता, आणि पुढे ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीत त्यानं नायक झाँ व्हालझाँला याच गावाचा महापौर केलं. दर उन्हाळ्यात इथल्या किल्ल्यात गावकरी स्वतः त्या कथेचा प्रयोग करतात. बेकरीवाला, शाळेतली पोरं, निवृत्त आजोबा असे शेकडो जण त्यात असतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचं मुख्यालय इथे होतं, त्यामुळे चौकात सेनापती हेगचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो घडवणारा शिल्पकार पोल लांदोव्स्की. रिओ दि जानेरोचा तो प्रचंड ख्रिस्तही त्याचाच.

दुसरं गाव सां-वालरी-स्युर-सोम. सोम नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीच्या तोंडावरचं. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला निघालेल्या विल्यम द कॉन्कररचा जहाजांचा तांडा वाऱ्याची वाट बघत इथे अडकून पडला होता. सप्टेंबरच्या शेवटी वारा फिरला आणि इंग्लंडचा इतिहासही. वरच्या गावात जुन्या वेशी अजून उभ्या आहेत. त्यातल्याच एका वाटेनं १४३० च्या हिवाळ्यात कैदेतल्या जोन ऑफ आर्कला रुआँकडे नेलं, असं सांगतात. पण मी सर्वात जास्त वेळ काढते तो कूरगँ या कोळीवाड्यात. चढाच्या अरुंद गल्ल्या, एकाला एक खेटून बसलेली छोटी घरं, आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळ्या रंगाचा. बोट रंगवून उरलेला रंग घराला लावायचा, अशी इथली रीत होती म्हणतात.

माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: यातल्या कुठल्याही गावात एक रात्र मुक्काम करा. दुपारी अकरा ते पाच बसगाड्या येतात, फोटो निघतात, गर्दी निघून जाते. गावाचा खरा दिवस सहानंतर सुरू होतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, लोक दारात खुर्च्या टाकतात, कुणी गुलाबाच्या फांद्या छाटत असतं, आणि ‘बोंस्वार’ म्हटलं की उत्तर हमखास मिळतं.

आमिएं, आरास, सांलीस यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन.

---

भटकभवानी

वा, काय सुरेख लिहिलंयस! कोळीवाड्याच्या परिच्छेदाला तर +१०० घे. फोटो टाक ना गं थोडे.

जेर्बरुआ नावाचं गुलाबांचं गाव याच भागात आहे ना? आम्ही चौघं जूनमध्ये पॅरिसला येतोय, एक दिवस हाताशी आहे. ट्रेननं जमेल का?

---

सायली_लील

भवानी, हो, जेर्बरुआ याच भागात. पण ट्रेन तिथवर जात नाही. जवळचं मोठं स्टेशन बोवे, तिथून वीसएक किलोमीटर. चौघं असाल तर सरळ भाड्याची गाडी घ्या.

गाव एवढंसं आहे, शंभराच्या आसपास वस्ती. कधीकाळी हा सीमेवरचा किल्ला होता. १०७९ मध्ये याच तटाखाली विल्यम द कॉन्कररला त्याच्या पोटच्या पोरानं, रॉबर्टनं, घोड्यावरून खाली पाडलं. पुढे किल्ला गेला, गाव ओस पडत चाललं. १९०१ मध्ये आँरी ल सिदानेर हा चित्रकार इथे आला आणि रमला. किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर त्यानं बागा रचल्या: एक पांढरी, एक गुलाबांची. शेजाऱ्यांनाही दारात गुलाब लावायला त्यानंच उद्युक्त केलं. त्याच्या चित्रांत माणसं फारशी नसतातच. बागेत मांडलेलं टेबल, दोन पेले, खिडकीत दिवा, बस. गावात फिरताना ती टेबलं जागोजागी भेटतात.

जूनमध्ये गुलाबांचा उत्सव असतो. त्या रविवारी मात्र चुकूनही जाऊ नकोस, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. लाकडी सांगाड्यात विटा भरलेली घरं आहेत, त्या विटांच्या रचनेकडे नीट बघ. कुठे सरळ थर, कुठे तिरके, कुठे शिंपल्यासारखे. गवंड्यानं हौसेनं केलेलं काम आहे ते.

---

मुकुंद_बडोदा

लेख छान आहे, पण एक मतभेद नोंदवतो. सायलीताई, तुम्ही आरासचं नाव घेतलंत. आम्ही गेलो होतो. चौक भव्य आहे, नाही म्हणत नाही. पण तिथल्या वस्तुसंग्रहालयात जुने फोटो बघितले आणि मन खट्टू झालं. १९१८ मध्ये तिथे दगडविटांचे ढीग होते! म्हणजे आपण ज्याला सतराव्या शतकातली घरं म्हणून बघतो ती १९२०-३० मधली. मग जुनं शहर बघितलं असं कसं म्हणायचं? माझ्या मते वेळ कमी असेल तर सांलीस किंवा लाँसारखी, मूळ दगड शाबूत असलेली गावं बघावीत. आरास, बायोल वगैरे सोडून द्यावीत.

---

सायली_लील

मुकुंदराव, हा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं. याच्यावर मला पोटतिडकीनं बोलायचंय.

आरासमध्ये दोन चौक जोडून आहेत, ग्राँप्लास आणि प्लास दे झेरो. दोन्ही मिळून १५५ दर्शनी भिंती, फ्लेमिश बरोक धाटणीच्या, खाली कमानींचा सलग ओटा. ऑक्टोबर १९१४ मध्ये तोफांच्या माऱ्यात नगरभवनाचा ७५ मीटरचा मनोरा कोसळला. पुढची चार वर्षं आघाडी शहराच्या उंबऱ्यावरच होती. हे सगळं तुमचं बरोबर.

पण युद्ध संपल्यावर लोकांपुढे पर्याय होते. रुंद रस्ते, नवी काँक्रीटची घरं, सपाट छपरं, सगळं शक्य होतं आणि स्वस्तही पडलं असतं. पिएर पाके या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली त्यांनी जुनी मोजमापं, जुने नकाशे, उरलेल्या भिंती धुंडाळून चौक होता तसा उभा केला. मनोऱ्याच्या पोटात काँक्रीट घातलं, अंगावर मात्र तोच नक्षीदार दगड चढवला. १९३२ मध्ये काम पुरं झालं. परत आलेली माणसं झोपड्यांत राहत होती तेव्हा हे काम सुरू होतं. आपला चौक आपल्याला परत हवा, हा त्यांचा निर्णय होता. तो निर्णय बघायला मी आरासला जाते.

शिवाय सगळंच नवं नाही. ग्राँप्लासवर पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी माथ्याचं एक विटांचं घर आहे, १४६७ चं. तिथे आता हॉटेल आहे. ते शाबूत राहिलं. आणि पायाखालचं शहर तर शाबूत आहेच. मध्ययुगात खडूसारखा मऊ दगड काढून काढून खाली तळघरांचं जाळं तयार झालं, त्यांना ‘बोव’ म्हणतात. त्याच प्रकारच्या खाणी न्यूझीलंडच्या सुरुंगवाल्यांनी बोगद्यांनी जोडल्या आणि एप्रिल १९१७ च्या हल्ल्याआधी तिथे २४,००० सैनिक राहू शकतील अशी सोय केली. वेलिंग्टन खाण म्हणून आज बघता येते. भिंतीवर कोळशानं काढलेले चेहरे, बाणांच्या खुणा, शहरांची नावं अजून आहेत.

शनिवारी सकाळी जा. चौकात बाजार भरतो. कमानींखाली उभं राहून त्या बाजाराकडे बघितलं की इमारत कुठल्या सालची हा प्रश्न मला तरी पडत नाही. ज्या कामासाठी चौक बांधला होता ते काम तो आजही करतोय.

---

दगडधोंडा

मी व्यवसायानं वास्तुविशारद, शिकायला दोन वर्षं लीलमध्ये होतो. सायली, तुझ्या मताशी पूर्ण सहमत. त्यात थोडी भर.

या भागात फिरताना भिंतींकडे बघत चाला. जमिनीखाली काय आहे ते भिंत सांगते. दक्षिणेला, सांलीस-लाँकडे, उत्तम चुनखडीचा दगड निघतो. म्हणून तिथली गावं फिकट पिवळसर, एकसंध. पॅरिससाठीही पुष्कळ दगड याच पट्ट्यातून गेला. वर सरकलं की चांगला दगड संपतो, खाली खडू आणि वर चिकणमाती. मग वीट येते. लीलच्या जुन्या भागात लाल विटांचा थर आणि पांढऱ्या दगडाचा थर आलटून पालटून दिसतो. दगड महाग म्हणून काटकसर, पण दिसतं किती देखणं!

समुद्राकडे गेलात की चकमकीचा दगड. सां-वालरीच्या वरच्या गावातल्या सां-मार्तँ चर्चची भिंत बघा, बुद्धिबळाच्या पटासारखी. एक चौकोन काळसर चकमक, एक फिकट दगड.

आणि गरिबांची घरं, गोठे, कोठारं? कुडाची! लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर माती आणि पेंढ्याचा गिलावा, वरून चुना. पावसाचं पाणी उडून भिंत खालून भिजते म्हणून तळाशी डांबराचा काळा पट्टा. सोमच्या खोऱ्यातल्या खेड्यांत पांढरी भिंत आणि काळा पट्टा दिसला की समजायचं, आत माती आहे. या कुडाच्या कोठारांकडे पर्यटक ढुंकून बघत नाहीत आणि दरवर्षी त्यातली काही पडतात. मला विचाराल तर कॅथेड्रल बघायला जग येतं, ती टिकतील. तुम्ही कोठारांचे फोटो काढा.

---

अनघा_पेठकर

धागा वाचून आईबाबांना घेऊन जायचं नक्की केलंय. दोन शंका. बाबांचे गुडघे कुरकुर करतात, त्यांना ही फरसबंदी झेपेल का? आणि आम्ही शाकाहारी (अंडं चालतं). छोट्या गावात जेवणाचं काय?

---

नीलेश_पॅरिस

अनघाताई, गुडघ्यांचं आधी. सांलीस आणि मोंत्रयची फरसबंदी खडबडीत आहे, गोटे मोठे आणि पावसात निसरडे. जाड तळव्याचे बूट आणि हातात काठी हवीच. आमिएं त्यामानानं सपाट आणि सोपं. तिथे सां-ल्यच्या कालव्यांकाठी आरामात चालता येईल. शिवाय ‘ओर्तियोनाज’ म्हणजे पाण्यातल्या भाजीमळ्यांची सफर होडीत बसून होते, गुडघ्यांना विश्रांती. दलदलीत खणलेले कालवे आणि त्यांच्यामधले मळे, सुमारे ३०० हेक्टर. मध्ययुगापासून तिथे भाजी पिकते. आता व्यवसाय म्हणून पिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण शनिवारी सकाळी नदीकाठच्या बाजारात त्यांची भाजी मिळते. होड्या साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात.

जेवण. उत्तरेचं जेवण मांसाहारी आणि लोण्यासायीचं, पण उपाशी राहणार नाही. ‘फ्लामिश ओ पुआरो’ मागवा, कांद्याच्या जातीची लीक नावाची भाजी सायीत शिजवून भरलेला ‘पाय’ (pie). मात्र आत बेकन नाही ना, हे विचाराच. ‘फिसेल पिकार्द’मध्ये हॅम असतं, ती टाळा. मारुआल चीजचा टार्टही मिळतो, वास उग्र पण चव सौम्य. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) चालत नसेल तर तो सोडा. आणि महत्त्वाचं: इथले बटाट्याचे फ्राइज परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. गोडात ‘गातो बात्यु’, भरपूर अंडी-लोणी घातलेला उंच पाव, आईबाबांना आवडेल.

वेळ पाळा. स्वयंपाकघर बारा ते दोन, मग थेट संध्याकाळी सात. रविवार दुपार आणि सोमवार बरंचसं गाव बंद असतं. सोमवारी छोट्या गावात जाऊ नका असंच मी सगळ्यांना सांगतो.

मुकुंदकाकांनी सांलीसचं नाव काढलं म्हणून लिहितो. पॅरिसहून शांतियीपर्यंत ट्रेन, पुढे बस. रोमन काळातला कोट अजून गावाच्या पोटात आहे, मूळच्या २८ बुरुजांपैकी बरेच घरांच्या भिंतींत, बागांच्या कोपऱ्यांत सापडतात. ९८७ मध्ये इथेच सरदारांनी ह्यूग कापेला राजा निवडलं, आणि त्याच्या घराण्यानं पुढे शतकानुशतकं राज्य केलं.

पण मी सांलीसला जातो ते सेराफीन लुईसाठी. लोकांच्या घरी धुणीभांडी, फरशा पुसणं अशी कामं करणारी ही बाई रात्री मेणबत्तीच्या उजेडात चित्रं काढायची. रंग विकत घ्यायला पैसे नसायचे, घराला लावायचा रंग आणि स्वतःच्या गुपित मिश्रणांवर भागवायची. १९१२ मध्ये विल्हेल्म ऊडं नावाचा जर्मन संग्राहक विश्रांतीला सांलीसमध्ये राहायला आला. एका शेजाऱ्याकडे त्यानं सफरचंदांचं चित्र बघितलं, कुणी काढलं विचारलं, तर कळलं की आपल्याच घरी झाडूपोछा करणारी बाई! तिची शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली, १९४२ मध्ये ती वारली. कॅथेड्रलशेजारच्या जुन्या बिशपवाड्यात आता संग्रहालय आहे, तिथे तिची झाडं लावलीत. झाडंच म्हणावीत अशी चित्रं आहेत: पानापानाला डोळे, पापण्या, पिसं. जवळ जाऊन बघा, एकही पान दुसऱ्यासारखं नाही. मी त्या दालनातून लवकर निघूच शकत नाही.

आणि मुकुंदकाका, सांलीसही सुखरूप सुटलं नव्हतं. २ सप्टेंबर १९१४ ला जर्मन सैन्य शिरलं, एका मोठ्या रस्त्यावरची घरं जाळली आणि महापौर यूजेन ओदाँ यांना गोळ्या घातल्या. या भागात न भाजलेलं गाव क्वचितच.

---

मुकुंद_बडोदा

नीलेश, ओदाँ यांची गोष्ट मला माहीत नव्हती. आभार.

सायलीताई, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धं. पुनर्बांधणीमागची जिद्द मला मान्य. तरीही आठशे वर्षांपूर्वी कुणा कारागिरानं छिन्नी मारलेला दगड हाताखाली लागतो तेव्हा जे वाटतं, ते मला आरासमध्ये वाटलं नाही. लाँच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर सोळा दगडी बैल आहेत, खाली मैदानाकडे डोकावणारे. टेकडीवर दगड वाहून नेणाऱ्या जनावरांची ही आठवण म्हणून बसवले असं सांगतात. बैलांचं ऋण मनोऱ्याच्या टोकावर नेऊन मानणारी माणसं! खालून बघताना माझे डोळे भरून आले होते. असा अनुभव मूळ दगडच देतो, असं माझं मत कायम आहे.

---

सायली_लील

मुकुंदराव, बैलांपुढे माझा काही युक्तिवाद नाही. :)

मूळ दगडाचंच म्हणत असाल तर आमिएंला जाच. कॅथेड्रलचं काम १२२० मध्ये सुरू झालं, आतली उंची ४२ मीटरच्या वर, आणि दोन्ही महायुद्धांतून ते वाचलं. सगळे माना वर करून बघतात. तुम्ही मान खाली करा. पश्चिमेच्या डाव्या दाराशी, बरोबर डोळ्यांच्या पातळीला, बारा महिन्यांची बारा कामं कोरली आहेत. फेब्रुवारीत एक म्हातारा जोडे काढून शेकोटीपाशी बसलाय, तळवे जाळाकडे धरून. थंडी कशी असते ते माहीत असलेल्या माणसानं कोरलंय ते.

दक्षिणेच्या बाजूला निळीचे दोन व्यापारी आहेत, मध्ये भरलेलं पोतं. वेड नावाच्या रोपापासून इथे निळा रंग बनायचा, आणि त्या पैशानं या शहराला आणि कॅथेड्रलला हात दिला. पुढे समुद्रमार्गानं आपल्याकडची नीळ युरोपात यायला लागली, तिचा रंग जास्त पक्का, आणि हा धंदा हळूहळू बसला. आपल्या मातीचा या शहराशी असाही संबंध आहे.

---

जुना_सॅपर

सर्व लेखकांचे आभार. मी लष्करातून निवृत्त, खडकीत राहतो. एक ठिकाण सुचवतो. ते गाव म्हणून देखणं नाही, पण आपल्यापैकी कुणी त्या भागात गेलं तर तिथे थांबावं अशी विनंती आहे.

लीलच्या नैऋत्येला, गाडीनं अर्ध्यापाऊण तासावर नव-शापेल नावाचं खेडं आहे. तिथे चौरस्त्यावर पहिल्या महायुद्धातलं भारतीय स्मारक आहे. सर हर्बर्ट बेकर यांनी रचलेलं, ऑक्टोबर १९२७ मध्ये उद्‌घाटन झालेलं. गोल भिंत, अर्ध्या भागात दगडी जाळी, मध्ये पंधराएक मीटरचा स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. ज्यांची कबर कुठे आहे हे माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरली आहेत. ‘देव एक आहे, विजय त्याचाच’ या अर्थाचा मजकूर चार लिप्यांत आहे.

मार्च १९१५ ची इथली लढाई लोकांना ठाऊक असते. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, याच गावावर ४७ वी शीख पलटण आणि आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या होत्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं, त्या दिवशी पायदळासारखी लढली. घराघरांत संगिनींची लढाई झाली. मोठी हानी झाली. ती माणसं खडकीहून गेली होती. पूना हॉर्सचे घोडेस्वारही त्या हिवाळ्यात जवळच फेस्तुबेरच्या चिखलात खंदकांत उभे होते.

प्रवेश विनामूल्य आहे. भिंतीशी जाऊन नावं वाचावीत. वाचताना मोठ्यानं वाचली तर अधिक चांगलं, एवढंच सांगेन.

---

भटकभवानी

सॅपरकाका, नमस्कार. आम्ही नक्की जाऊ. त्यासाठी लीलला एक मुक्कामच वाढवते.

सायली, आता मला एक दिवसाचे चार दिवस करावेसे वाटतायत. मार्ग आखून देशील? गाडी घेतोय.

---

सायली_लील

सॅपरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून थांबून गेले. मी दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या आसपास जाते तिथे. गावातले फ्रेंच लोकही येतात, फुलं ठेवतात.

भवानी, असं कर. पॅरिसहून निघून पहिला दिवस सांलीस, संध्याकाळपर्यंत आमिएं गाठ, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यांतली होडी आणि कॅथेड्रल, दुपारून सां-वालरी. तिथली रात्र चुकवू नकोस. तिसऱ्या दिवशी खाडी. वाफेच्या इंजिनाची मीटर गेजची छोटी आगगाडी नुआयेलमार्गे खाडीला वळसा घालून ल क्रोतुआला जाते, मुलांना फार आवडेल. मग मोंत्रय, मुक्काम. चौथ्या दिवशी नव-शापेल करून आरास किंवा लील. जेर्बरुआ यात बसत नाही, ते पॅरिसहून वेगळं कर.

एक इशारा. ओहोटीला सां-वालरीची खाडी पूर्ण कोरडी दिसते, पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर वाटतं आणि चालत जायचा मोह होतो. वाटाड्याशिवाय अजिबात उतरू नका. भरती फार वेगानं येते, आणि समोरून येण्याआधी मागच्या ओहळांतून भरते, म्हणजे परतीची वाट आधी बंद होते. वाटाड्याबरोबर मात्र जरूर जा. मिठागरी कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या आणि वाळूवर लोळणारे सील बघायला मिळतील.

---

अनघा_पेठकर

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटची शंका: लाँला स्टेशनवरून वर जायला केबलची गाडी आहे असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. बाबांसाठी ती बरी पडेल ना?

---

मुकुंद_बडोदा

अनघा, ती २०१६ मध्ये बंद झाली. आता स्टेशनवरून बस वर जाते, वेळापत्रक आधी बघून ठेव. नाही तर टॅक्सी घ्या. पायऱ्यांची वाट आहे पण गुडघ्यांसाठी नको. वर पोचलात की गाव बरंचसं सपाट आहे, आणि कॅथेड्रलसमोरच्या चौकात बाकं आहेत. बाबांना तिथे बसवून बैल मोजायला सांग.